खड्डा कोणी पाडला?

माणसाला स्वतःच्या शरीराचा जो भाग सर्वांत कमी ठाऊक असतो, तो म्हणजे डोक्याचा माथा आणि त्यामागचा उतार. पाठ निदान कपड्यांच्या दुकानातल्या आरशात ओझरती दिसून जाते. माथा मात्र वरच्या मजल्यावरच्यांना दिसतो, बसमध्ये दांडीला लोंबकळणाऱ्यांना दिसतो आणि न्हाव्याला दिसतो. पैकी न्हावी बोलत नाही, कारण त्याला गिऱ्हाईक टिकवायचं असतं. बाकीच्यांना बोलायचं काही कारण नसतं. त्यामुळे माझ्या डोक्याला मागे, माथ्याच्या जरा खाली, डाव्या अंगाला एक खड्डा आहे ही बातमी मला साठी उलटल्यावर कळली, आणि तीही तिरुमलाच्या डोंगरावर.

तिथल्या कल्याणकट्ट्यात न्हावी दिवसभरात इतकी डोकी बघतात की एखाद्या डोक्याने त्यांचं लक्ष वेधून घ्यावं ही मोठीच गोष्ट. माझ्या न्हाव्याचा वस्तरा मध्येच थांबला. त्याने अंगठ्याने दोनदा चाचपलं आणि शेजारच्याला तेलुगूत हाक मारली. शेजारच्याने आपलं गिऱ्हाईक अर्ध्यावर सोडून वाकून पाहिलं. दोघांनी माना हलवल्या. मला तेलुगू येत नाही, पण ‘अरेरे’ कुठल्याही भाषेत कळतं.

बाहेर आल्यावर बायकोने डोक्याला चंदन लावायला घेतलं. सगळीकडे पातळ थर बसला, एका ठिकाणी मात्र चंदन जातच राहिलं.

“अहो, हे इथे आत गेलंय!”

“काय आत गेलंय?”

“डोकं.”

तिने माझं बोट धरून नेमकं त्या जागेवर ठेवलं. बोटाचं पहिलं पेर आरामात मावलं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. इतकी वर्षं केसांच्या आड एक खळगा माझ्याबरोबर गुण्यागोविंदाने नांदत होता आणि मला पत्ता नव्हता.

खड्डा दिसला की तो पाडणारा शोधायचा असतो. रस्त्यावरच्या खड्ड्याला पाऊस जबाबदार असतो. डोक्यावरच्या खड्ड्याला नातेवाईक.

पहिली साक्ष अर्थातच आईची. आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिने चष्मा लावून खड्डा पाहिला, त्यावरून तळवा फिरवला आणि क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, “ती मालिशवाली! टाळू नीट भरलीच नाही तिने. मी तेव्हाच म्हणत होते, पण तुझ्या आजीने ठेवलेली बाई. मला कोण विचारतंय?” साठ वर्षं जपून ठेवलेला हा मुद्दा. आजीला जाऊन तीस वर्षं झाली, ती मालिशवालीही कधीच गेली असेल. पण पुरावा आता मिळाला, आणि तोही माझ्या डोक्यावर.

टाळूचा मामला तसा शास्त्रीयदृष्ट्या फार गमतीचा आहे. माणसाच्या कवटीत, चेहरा धरून, २२ हाडं असतात आणि त्यातली आठ मेंदूभोवतीची पेटी तयार करतात. जन्माच्या वेळी ही आठ हाडं एकमेकांना चिकटलेली नसतात. बाहेर येण्याची वाट अरुंद असल्यामुळे ती एकमेकांवर सरकतात, म्हणून पुष्कळ बाळं निमुळत्या डोक्याची जन्माला येतात आणि काही दिवसांत पूर्ववत होतात. मागची छोटी टाळू दोन-तीन महिन्यांत मिटते, पुढची मोठी साधारण दीड वर्षापर्यंत. ती मिटवण्याचं काम हाड स्वतः करतं. वरून थापलेल्या एरंडेलाचा त्यात काही वाटा नसतो. हे मी वाचलेलं आहे. आईपुढे म्हणायची माझी छाती नाही. पुढची टाळू कपाळाच्या वर असते आणि माझा खड्डा मागे आहे, हेही मी दबक्या आवाजात सुचवून पाहिलं. आई म्हणाली, “तेल मागे ओघळतं.”

मामा म्हणाला, चिमटा. म्हणजे बाळंतपणातला. “तुझ्या वडिलांनी स्वस्तातलं नर्सिंग होम गाठलं, तिथे चिमटा लावला असणार.” हा चिमटा आधी लंडनच्या चेंबरलेन नावाच्या डॉक्टर घराण्याकडे होता. त्यांनी तो शंभराहून अधिक वर्षं गुपित ठेवला, कोणालाही बघू दिला नाही. १८१३ साली त्यांच्या एका जुन्या घरात फळ्यांखाली दडवलेले चिमटे सापडले. आपल्याकडे लोणच्याची कृती लपवतात इतपत ठीक आहे. ह्यांनी जगातल्या तमाम बाळंतिणींपासून अवजार लपवलं. तर चिमट्याच्या दाबाने किंवा नुसत्या आईच्या कटीच्या हाडाच्या दाबानेसुद्धा नवजात बाळाच्या कवटीला पोचा पडू शकतो. हाड इतकं कोवळं असतं की ते तडकत नाही, पितळी भांड्यासारखं नुसतं चेपतं. डॉक्टर त्याला ‘पिंगपाँग फ्रॅक्चर’ म्हणतात. असे पोचे पुष्कळदा आपोआप वर येतात. माझा आला नसेल, इतकंच.

ही बातमी आत्याला कळल्यावर तिने पनवेलहून फोन केला. “चिमटा-बिमटा काही नाही. तू सात महिन्यांचा असताना आजोळी गेला होतास, तेव्हा तुझा हाच मामा तुला वर उडवून झेलायचा. विचार त्याला, प्रत्येक वेळी झेललं का म्हणून.”

इथे माझ्या लक्षात आलं की खड्डा मधल्यामध्ये राहिला असून दोन घराणी समोरासमोर उभी ठाकली आहेत.

बाहेरच्यांनी मग आपापला माल आणला. शाळेतल्या मित्राच्या मते सीझन बॉल. तो आमच्या वर्गातला फास्ट बोलर होता आणि आपला एखादा तरी चेंडू इतिहासात नोंदला जावा अशी त्याची इच्छा असावी. चेंडूने काय होतं ते नरी कॉन्ट्रॅक्टरना विचारावं. १९६२ साली भारताचा कर्णधार म्हणून वेस्ट इंडिजला गेले असताना बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू त्यांच्या डोक्याला लागला आणि कवटी फुटली. त्यांना रक्त देणाऱ्यांत आपले चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी होते, पॉली उम्रीगर होते, आणि वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेलसुद्धा होता. पुढे डोक्यात बसवलेली धातूची पट्टी मुंबईत काढली गेली ती २०२२ साली, म्हणजे साठ वर्षांनी. अशा डोक्यापुढे माझ्या डोक्याने कुठल्या तोंडाने चेंडूचं नाव घ्यावं? शिवाय मी नेहमी बारावा गडी असे. लागला असलाच तर मला पाण्याचा जग लागला असेल.

शेजारच्या निवृत्त काकांना मात्र खड्डा पाहून हर्ष झाला. आम्ही पुणेकर. २०१९च्या जानेवारीत पोलिसांनी हेल्मेटसक्ती कडक केली तेव्हा त्याविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या नागरिकांत काका होते. हेल्मेटच्या दाबाने कवटी खचते हा त्यांचा जुना सिद्धान्त. आजवर फक्त पुरावा नव्हता. ते माझ्या डोक्याचा फोटो काढून निवेदनाला जोडायला निघाले. मी सांगितलं, “काका, मी आजन्म हेल्मेट घातलेलं नाही.” ते थोडे खट्टू झाले. मग म्हणाले, “फोटोत ते कुठे दिसतंय?”

इथपर्यंत सगळं खेळीमेळीत चाललं होतं. मग मुलाने मोबाइल काढला.

मोबाइलवर डोक्याला खड्डा पडण्याची कारणं शोधू नयेत. पहिलं कारण ‘मार लागणे’ असं साधंसुधं असतं आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीपासून माणूस मृत्युपत्राचा विचार करू लागतो. पॅजेटचा आजार: ह्यात हाड मोडण्या-बांधण्याचा हिशेब चुकतो. १८७७ साली लंडनच्या सर जेम्स पॅजेटने ज्या रोग्याचं वर्णन केलं, त्याचं डोकं वाढत गेलं आणि त्याला दर थोड्या वर्षांनी मोठी टोपी घ्यावी लागली. मी घाईघाईने कपाटातून लग्नातला फेटा काढला. तो बसेना. बायको म्हणाली, तो तिच्या भावाचा आहे. मग गोरहॅमचा आजार, ज्यात हाड चक्क विरघळून नाहीसं होतं. अतिशय दुर्मीळ, पण रात्री दोन वाजता कुठलाच रोग दुर्मीळ वाटत नाही. काही कर्करोग कवटीच्या हाडाला भोकं पाडतात. उतारवयात माथ्याच्या दोन्ही बाजूंची हाडं कधी कधी पातळ होऊन बसतात. ‘अ’ जीवनसत्त्व अती झालं तरी हाडं झिजतात. ते जबरदस्त प्रमाणात असतं ध्रुवीय अस्वलाच्या यकृतात, आणि ते खाऊन उत्तर ध्रुवाकडे गेलेले दर्यावर्दी आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. ह्या एका कारणातून मी तत्काळ सुटलो. आमच्याकडे शनिवारी अंडंसुद्धा चालत नाही.

मुलाच्या स्वतःच्या डोक्याला आडवी घळ होती, हे त्या रात्रीचं उपफळ. दिवसभर हेडफोन लावून बसतो. त्यालाही घाम फुटला. हेडफोनने हाड वाकत नाही, केस आणि कातडी दबते, तासाभरात पूर्ववत होते, हे वाचून त्याचा जीव भांड्यात पडला आणि त्याने पुन्हा हेडफोन लावला. मग माझ्या आजारांचं वाचन मला एकट्यालाच करावं लागलं.

त्या यादीत एक आजार मात्र असा निघाला की घरात चैतन्य पसरलं. कातडी आणि खालचं हाड एका रेषेत आक्रसून डोक्यावर घळ पडते, बहुधा कपाळापासून वर. फ्रेंच वैद्यांनी त्याला नाव दिलं ‘तलवारीचा घाव’. मामाने चिमटा तिथल्या तिथे टाकून दिला. “अरे, मग सांगतोय काय! आपले पूर्वज पानिपतावर होते.” मी म्हटलं, मामा, तू आईकडचा, शिवाय १७६१ साली बसलेला घाव माझ्या डोक्यावर कसा येईल? पण पानिपत म्हटलं की मराठी माणूस तारखांच्या वर गेलेला असतो. पूर्वजांच्या कवटीतला खड्डा पुढच्या पिढीत उतरत असता तर अर्ध्या महाराष्ट्राला आज टोप्या शिवून घ्याव्या लागल्या असत्या.

आत्याने प्रत्युत्तरादाखल महाभारत काढलं. अश्वत्थाम्याच्या मस्तकातला मणी काढून घेतल्यावर तिथे जी जखम राहिली ती घेऊन तो अजून भटकतो, तेल मागतो, अशी आपल्याकडची समजूत. नंदुरबारच्या सातपुड्यात अस्तंबा नावाचं शिखर आहे, तिथे दिवाळीच्या सुमारास त्याची मोठी यात्रा भरते. आत्याचं म्हणणं, खड्ड्यात रोज तेल घालत जा. ह्यावर आई पलंगावरून म्हणाली, “मी साठ वर्षांपूर्वी तेच सांगत होते.” दोन्ही घराण्यांचं एकमत झालेलं मी प्रथमच पाहिलं.

खड्ड्याचा अर्थ लावणारेही भेटले. तळमजल्यावरचे ज्योतिषी काका बोटाने चाचपून म्हणाले, “बुद्धी तीव्र, पण पैसा टिकणार नाही.” माझं पेन्शनचं पासबुक त्यांनी बँकेच्या रांगेत पाहिलेलं आहे.

पण ह्या विद्येचे खरे महर्षी युरोपात होऊन गेले. फ्रान्झ योझेफ गाल हा व्हिएन्नातला डॉक्टर. मेंदूचे वेगवेगळे भाग वेगवेगळी कामं करतात, हा त्याचा विचार मुळीच टाकाऊ नव्हता. पुढे मात्र तो घसरला. माणसात जो गुण जास्त, त्याचा मेंदूतला भाग मोठा. तो कवटीला आतून ढकलतो, तिथे उंचवटा येतो. गुण कमी तिथे खळगा. असे २७ गुण त्याने डोक्यावर जागा नेमून बसवले. अपत्यप्रेम, कवित्व, चोरी, खून, सगळ्यांची सोय केली. १८०१ साली सम्राटाने त्याच्या व्याख्यानांवर बंदी घातली, तेव्हा साहजिकच त्याला बाहेर मागणी वाढली. कवटीचं हाड सगळीकडे सारख्या जाडीचं नसतं आणि बाहेरचा आकार आतल्या मेंदूचा साचा नसतो, ही साधी गोष्ट मध्ये आडवी येत होती. पण व्याख्यानाला तिकीट लावल्यावर साध्या गोष्टी कोण ऐकतो?

ह्या नादात लोकांनी काय काय करावं! संगीतकार हायडन १८०९ मध्ये वारला, तर संगीताचा उंचवटा तपासायला त्याच्या दोन चाहत्यांनी थडगं उकरून डोकंच पळवलं. १८२० साली शव दुसरीकडे हलवायला काढलं तेव्हा पेटीत नुसता टोप होता. दम दिल्यावर त्यांनी भलतीच एक कवटी आणून दिली. खरी कवटी धडाजवळ पोचायला १९५४ उजाडलं, आणि खोटी बाहेर कोणी काढलीच नाही. त्या थडग्यात आजही एक संगीतकार आणि दोन डोकी आहेत.

मला मात्र सर्वांत जवळचा वाटला तो मार्क ट्वेन. १८७०च्या दशकात लंडनमध्ये फाउलर नावाचा डोकंपंडित जोरात होता. ज्यावर रकाने आखून गुणांची नावं लिहिलेली असतात ते चिनीमातीचं पांढरं डोकं त्याचंच. आजही शोभेच्या दुकानात मिळतं. ट्वेन त्याच्याकडे खोटं नाव सांगून गेला. फाउलरने चाचपून चाचपून गुण सांगितले आणि एका जागी त्याला खड्डा लागला. तिथे विनोदबुद्धी असायला हवी होती. ह्या गृहस्थांकडे ती अजिबात नाही, असा निकाल दिला. ट्वेनने तीन महिने जाऊ दिले. तेवढ्यात फाउलर आपला चेहरा विसरला असेल अशा बेताने तो पुन्हा गेला, ह्या खेपेला खऱ्या नावाने. खड्डा गायब! त्याच जागी आता एव्हरेस्टएवढा सुळका निघाला. ट्वेनने हे आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. त्याने थोडा मीठमसाला लावला असेलही, पण आमच्या ज्योतिषी काकांना माझं पेन्शन ठाऊक नसतं तर त्यांनाही माझ्या डोक्यात एखादी फॅक्टरी सापडली असती, ह्याबद्दल मला शंका नाही.

अखेर बायकोने मला धरून डॉक्टरांकडे नेलं. मी पॅजेट, गोरहॅम आणि अस्वल हे सगळं कागदावर क्रमाने लिहून नेलं होतं. डॉक्टरांनी कागद घडी करून पेपरवेटखाली ठेवला. खड्ड्यात अंगठा फिरवला, कडा चाचपल्या, कातडी सरकवून पाहिली. दुखतं का, नजर धूसर होते का, चक्कर येते का, इतक्यात कुठे पडला होतात का, असं विचारलं. सगळ्याला नाही.

“केव्हापासून आहे?”

“ते माहीत असतं तर मी आलोच नसतो.”

“नवा खड्डा असेल तर तपासावं लागेल, एक्स-रे, सीटी, जे लागेल ते. जुना असेल तर तो तुमचा आहे, घेऊन फिरा. कवटी कोणाचीच गुळगुळीत नसते हो. हाडांचे सांधे, मागचा उंचवटा, एखादा खोलगट भाग, हे सगळं केसांखाली चालतं. टक्कल पडलं की लोक माझ्याकडे येतात. जुना फोटो आणा.”

“डोक्याच्या मागच्या बाजूचा फोटो कोण काढून ठेवतं?”

“बघा तर खरं.”

घरी येऊन आईची पेटी उघडली. डोक्याचा मागचा भाग उघडा पडलेला फोटो म्हणजे मुंजीचा. काळ्या जाड पानांचा अल्बम, फोटोंना कोपरे चिकटवलेले, मध्ये जाळीदार कागद. मातृभोजनाचा फोटो सापडला. फोटोग्राफर स्टुलावर चढला असावा, कारण फोटो वरून काढलेला आहे. आई अंगभर शालू नेसून घास भरवते आहे. भोवती आठ-दहा बटू. आणि मी आठ वर्षांचा, आईच्या हातातल्या घासाकडे पाठ फिरवून ताटातल्या जिलेबीवर ओणवा झालो आहे. घेरा ताजा, डोकं तेलाने चकाकतंय. शेंडीच्या डावीकडे, बरोबर त्याच जागी, बोटाच्या पेराएवढी एक काळी सावली आहे. मुलाने मोबाइलवर मोठं करून पाहिलं, मग माझं डोकं उजेडात धरून पाहिलं. शंकाच नको.

डॉक्टरांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: “छान आहे. जिलेबी तशीच आवडते का अजून? साखर तपासून घ्या.”

म्हणजे सगळा खटलाच बदलला. आठव्या वर्षाच्या आधीचा खड्डा म्हटल्यावर सीझन बॉल सुटला, हेल्मेट सुटलं, पानिपत तर मुळात सुटलेलंच होतं. आरोपी उरले मालिशवाली, चिमटा आणि मामा. मामाने ताबडतोब फोन उचलणं बंद केलं. तेवढ्यात बायकोला सुचलं, तुमच्या लहानपणी घरात आणखी कोण होतं? दादांना का विचारत नाही?

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, नागपूरला असतो. त्याला ह्यातलं काहीच कळवलेलं नव्हतं. उगाच काळजी करेल म्हणून. संध्याकाळी फोन लावला. आईलाही ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला.

“दादा, एक विचारायचं होतं. लहानपणी माझ्या डोक्याला…”

“मी ढकललं नव्हतं,” दादा म्हणाला.

मी गप्प.

“तूच मागे मागे गेलास. आणि ती पायरी काही एवढी उंच नव्हती.”

पलंगावरून आई म्हणाली, “कुठली पायरी?”